आधी हरलेलीचं बोला

आमच्या राज्य स्पर्धेतले ज्युदोचे सामने टीव्हीवर दाखवणार असं कळलं आणि मी धास्तावले. सामने होऊन गेले होते. मी पहिल्याच फेरीत हरून परत आले होते. पण कशी हरले ते एकट्या आमच्या सरांनी पाहिलं होतं, आणि परतीच्या गाडीत त्यावर ते एक अक्षर बोलले नव्हते. आता ते सगळ्यांना दिसणार होतं. त्या सगळ्यांत कामठीची ती मुलगीही होती.

तिचं आधी सांगायला हवं. मी रत्नागिरीकडची. आठवीत शाळा सुटली आणि बहिणीच्या मागोमाग नागपूरला आले. भावजी मिहानमधल्या एका कंपनीची गाडी चालवतात, मी तिथल्याच एका खानावळीत पोळ्या लाटते. ज्युदोच्या हॉलच्या दारात मी पहिल्यांदा नुसतीच बघत उभी होते, तेव्हा हाताला धरून आत नेलं ते हिनं. ही रोज शेअर ऑटोनं कामठीहून येते. आम्ही दोघी एकाच वजनगटातल्या, आणि एका गटात क्लबचं एकच नाव जातं. सरांनी माझं पाठवलं. ती "बरं" म्हणाली, आणि माझा ड्रेस खांद्यावर विरला होता म्हणून स्वतःचा नवा ड्रेस मला घालायला दिला.

तेव्हा हरल्याची भीती नव्हती मला. तिची जागा मी कशी घालवली हे तिनं डोळ्यांनी पाहिलं, की मग या गावात माझं कोण, ही भीती होती.

रविवारी दुपारी हॉलमध्ये स्टुलावर टीव्ही ठेवला. मुलंमुली चपला बाहेर काढून भिंतीला टेकून बसली. सकाळी याच हॉलमध्ये शिकवणारे कराटेचे सर आले. शेजारच्या आखाड्याचे म्हातारे वस्ताद आले, त्यांना एकट्यांना खुर्ची.

सामने बघायची आमच्याकडे एक रीत आहे. सामना चालू असताना तोंड उघडायचं नाही. संपला की मत द्यायचं, पण आधी हरलेल्याचं बोलायचं. त्यानं काय चांगलं केलं ते सांगता आलं नाही, तर पुढं बोलायचा हक्क नाही. सर म्हणतात, टीव्हीसमोर बसला की माणूस लवकर पहिलवान होतो.

पहिला सामना संपला. सगळ्यांनी वस्तादांकडे पाहिलं.

"हरलेल्याचं का? ड्रेस चांगला धुतला होता त्यानं."

"वस्ताद, हे चालत नाही," सर म्हणाले.

"बरं गा. पाय चांगले रोवले होते. पण मले एक सांग, हे एकमेकांची कॉलर धरून काय करून राहिले? कापड दुकानात भांडण लागल्यासारखं."

"तुमच्या कुस्तीत जांघ्या धरतेत, त्याचं काय?" कराटेचे सर म्हणाले.

वस्ताद हसले आणि तंबाखू मळायला लागले. मग टीव्हीवरच्या निवेदकावर सगळ्यांचं एकमत झालं, की हा मॅटवर कधी उभा राहिला नसावा. मी हसले नाही. माझं लक्ष पुढच्या जोड्यांकडे होतं.

मग मी दिसले. तिच्या ड्रेसमध्ये. समोरच्या पुण्याच्या मुलीला मी कमरेवर घेतलं, उचललं, आणि हॉलमधल्या सगळ्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. पाठीवर जोरात पडली असती तर सामना तिथंच संपला असता. पण ती पडली कुशीवर, अलगद. पंचांनी अर्धाच गुण दिला. तेवढ्यात ती उलटली, माझ्यावर चढली आणि मला दाबून धरलं. ठरलेल्या वेळात मी सुटू शकले नाही, सामना गेला.

"फेक अर्धवट," निवेदक म्हणाला. "ताकद कमी पडली."

कोणीतरी आवाज बंद केला. रीतीप्रमाणे आता हरलेलीचं बोलायचं होतं. मी नखं बघत बसले.

"ताकद नाही कमी पडली," कामठीची म्हणाली. "तिनं तिले खाली ठेवलं. मले ठेवते तशी."

मला आधी कळलंच नाही. बाकीच्यांना कळलं. आमच्या मॅट जुन्या, दबून चपटलेल्या, खाली फरशी. म्हणून इथं फेकताना शेवटच्या क्षणी जोडीदाराची बाही वर ओढून त्याला अलगद उतरवायची सवय आहे. रोज संध्याकाळी मी हिलाच उतरवत आले. हात कधी वर ओढतो हे मला आता कळतही नाही. स्पर्धेतल्या जाड मॅटवरही तो ओढलाच.

"मी त्याच दिवशी पाहिलं," सर म्हणाले. "गाडीत काय बोलू? माझ्याच हॉलनं हरवलं तिले."

"आमचंही तेच होते," कराटेचे सर म्हणाले. "रोज नाकापाशी बुक्की थांबवायची. मग खऱ्या सामन्यातबी थांबते."

वस्तादांनी तंबाखू तोंडात टाकली. "सापडलं म्हणा हरलेलीचं चांगलं. दुश्मनालेबी गादीवर निजवते पोरगी. अंगाईच काय ती राहिली."

सगळे हसले. मला रडू येत होतं. मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी हिचं नाव द्या."

"काहून वं?" ती माझ्याकडे वळली. "मी का वेगळी फेकते? मीबी तुले ठेवतेच ना. मी गेली असती तं असंच झालं असतं."

सर टीव्हीची वायर गुंडाळत म्हणाले, "दोघी एकमेकींना आपटायला शिका. जी आधी शिकंन, ती जाईन."

मुलांनी मॅट एकावर एक रचल्या. ती येऊन समोर उभी राहिली. मी फेकलं.

"ठेवलंस," ती पडल्या पडल्या म्हणाली.

पुन्हा फेकलं. "ठेवलंस. मी का काचेची आहे?"

असं बराच वेळ चाललं. वस्ताद खुर्ची जवळ ओढून बसले. हात ऐकेना. शेवटी ती चिडली, माझी कॉलर खेचून म्हणाली, "पडताना डोकं सांभाळणं माझं काम आहे. तू तुझं कर." आणि त्या वेळी हात वर गेला नाही. धाडकन आवाज झाला, खिडकीची तावदानं वाजली.

ती डोळे मिटून पडली होती. मी गुडघ्यांवर बसले. "अगं, लागलं का?"

मी सरांकडे पाहिलं, तर ते गालात हसत होते. तिनं एक डोळा उघडला.

"आता माझी पाळी. उभी राय वं."

मी पट्टा घट्ट केला आणि उभी राहिले.