वहिनीची चाळिशी

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुणी ‘चष्मे विकते’ म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. डोळे तपासण्याचा दोन वर्षांचा कोर्स तिने लग्नाआधी पहिल्या नंबराने केलाय, आणि ही बातमी ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला समोरच्याला मिळते. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून केलेली अरुंद खोली हे तिचं राज्य. तिथे एक उंच खुर्ची आहे, खुर्चीच्या मागे अक्षरांचा तक्ता आहे आणि समोर आरसा. खोली इतकी लहान की आरशात पाहिल्याशिवाय तक्ता पुरेसा लांब जात नाही. हाताशी भिंगांची लाकडी पेटी.

तिची इच्छा एकच होती. सरकारी रुग्णालयात हीच डोळे तपासायची जागा निघते, ती तिला हवी होती. त्यासाठी लेखी परीक्षा असते. डोळ्यांच्या पेपरात तिचा कुणी हात धरू शकत नाही. घोडं अडायचं ते इंग्रजीत. पहिल्या वेळी दोन गुणांनी गेली, दुसऱ्या वेळी एका. आता तिसरी वेळ, आणि ही शेवटचीच, कारण वयाची अट चाळीस, आणि वहिनीला चाळीस पूर्ण व्हायला अर्जाच्या तारखेनंतर जेमतेम चार महिने उरले होते. त्या दिवसांत घरात तो आकडा उच्चारायची सोय नव्हती. दादा एकदा सहज म्हणाला, “चाळीस पानी वही कुठे मिळेल गं?” तर त्याच्याशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

आता हेही सांगायला हवं की आमच्या घरात इंग्रजीची पदवी माझ्याकडे आहे. मी वाचनालयात काम करते आणि दादा-वहिनीच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहते. शब्दाचा अर्थ विचारायला वहिनीला पायात चपलासुद्धा घालाव्या लागल्या नसत्या. पण तिने मला एक शब्द विचारला नाही. का, ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या परीक्षेच्या वेळी ती, ब लिहायचा पण म्हणायचा नाही अशा ‘सटल’ला ‘सबटल’ म्हणाली होती, आणि मी चार पाहुण्यांदेखत हसले होते. बारीक नव्हे, चांगली खो खो. चूक माझीच होती. पण ती कबूल करायची सोडून मी ‘विचारलं तर सांगेन की’ अशा तोऱ्यात दोन वर्षं काढली.

वहिनीने आपला मार्ग आपण शोधला. शब्दांचं पुस्तक तिने मोबाइलवर घेतलं आणि बोटांनी मोठं करून करून वाचलं. पण पाठांतराला वेळ कुठला? दिवसाचे नऊ तास दुकानात. मग तिने दुकानच कामाला लावलं. जवळची नजर तपासायला एक कार्ड असतं. वरची ओळ ठळक, मग खाली खाली बारीक होत जाणारी. वहिनीने छापखान्यात जाऊन स्वतःचं कार्ड बनवून घेतलं आणि सहाच्या सहा ओळींत परीक्षेचे शब्द भरले. दर पंधरा दिवसांनी नवं कार्ड. गिऱ्हाईक वाचणार, ही ऐकणार, मनातल्या मनात अर्थ म्हणणार.

शब्द निवडायची तिची रीतही धंद्यातलीच. धूसर डोळ्याला कुठली अक्षरं एकसारखी दिसतात हे तिच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून ती एका अक्षराने फसवणाऱ्या जोड्या शोधायची आणि एका ओळीत शेजारी शेजारी बसवायची. अडॅप्ट आणि अडॉप्ट. प्रिस्क्राइब म्हणजे लिहून देणे आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे. “पेपर काढणारे पण हेच करतात,” ती म्हणायची, “माणसाची नजर कुठे घसरते तिथेच तेल ओततात.”

यातून दुकानात जे काय घडलं त्याला तोड नाही. एक शिंपीकाका ‘मिटिगेट’ वाचून म्हणाले, “गेट दिसतंय, पण कुठलं ते कळत नाही.” एक बाई ‘लेथार्जिक’पर्यंत आल्या आणि त्यांचा आवाज एकदम पडला. “हा आजार मला कधीपासून असेल?” त्यांना वाटलं, शेवटच्या ओळीत निदान लिहिलंय. एक निवृत्त मुख्याध्यापक चष्मा राहिला बाजूला आणि उच्चारांवरून अर्धा तास भांडले. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते अखेर पडद्याआडून डोकावले. “अगं, लोकांना त्यांची नजर गेलीय की इंग्रजी गेलंय तेच कळेनासं झालंय!”

परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा मी स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसले. वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर मला हल्ली दिसत नव्हते, आणि हात लांब करायलाही मर्यादा असते. वहिनीला मनापासून आनंद झाला. एरवी ती मला अगं-तुगं करते, पण चिडवायचं असलं की तुम्हीवर येते.

“या वन्सं, बसा. चाळिशी लागली वाटतं?”

“डोळ्यांची लागलीय,” मी म्हटलं. “वयाची लागायला अवकाश आहे.”

“सगळे असंच म्हणतात.” तिने तपासणीची ती जड चौकट माझ्या नाकावर चढवली आणि कार्ड हातात दिलं.

चौथ्या ओळीपर्यंत मी ऐटीत वाचलं. पाचवीत ‘प्रिस्क्राइब, प्रिस्क्राइब’ असं दोनदा म्हणाले. वहिनी अशी काही हसली की अण्णा बाहेरून खाकरले. पदवीधर नणंद एका अक्षरावर घसरली होती आणि दोन वर्षांचं व्याज तिला एका हसण्यात मिळालं. मग तिने पेटीतून भिंग काढून चौकटीत सरकवलं, आणि दुसरा शब्द माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ उभा राहिला. प्रोस्क्राइब.

मला जरा लागलंच. “आता तू बस,” मी म्हटलं.

“मला काय झालंय?”

“बस तरी.”

ती बसली आणि सहाही ओळी न अडखळता वाचल्या. मी वरमून निघणार, इतक्यात माझ्या लक्षात आलं की शेवटची ओळ वाचताना ती कार्डाकडे पाहतच नव्हती, आरशात अण्णांचा पडदा हलतोय का ते पाहत होती. कार्ड तिनेच बनवलेलं. ते तिला झोपेतसुद्धा पाठ होतं. मी टेबलावरची डोळ्यांच्या थेंबांची बाटली उचलली आणि तिच्या हातात दिली.

“यावरचं वाच.”

तिने बाटली डोळ्यांजवळ धरली. मग जरा लांब. मग आणखी लांब. दिवसाला वीस माणसांना तिने नेमकं हेच करताना पाहिलं होतं, आणि तिच्या डोक्यात जे उजाडलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. हात आखडून तिने बाटली मांडीवर ठेवली.

“उजेड कमी आहे,” ती म्हणाली.

हे वाक्य चाळिशी लागलेला प्रत्येक माणूस म्हणतो, हे मला तिनेच सांगितलं होतं. मला तिला चिडवायचं होतं, अगदी तोंडावर आलं होतं, पण ते मला जमेना. कारण ती का लपवत होती ते मला कळलं. आमच्या भाषेने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिलाय. चष्मा लावला म्हणजे चाळिशी लागली, आणि चाळिशी लागली म्हणजे परीक्षा संपली, असं तिच्या मनाने धरून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने तिने स्वतःच पेटी पुढ्यात ओढली आणि चौकट घातली. मी एकेक भिंग सरकवत गेले, ती ‘अजून’, ‘अजून’ म्हणत गेली. नजर स्थिरावली तशी ती उठली आणि चौकट नाकावर तशीच ठेवून टेबलाचा खालचा खण उघडला. गेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका तिने तिथे जपून ठेवली होती. ज्यावर खुणा केल्या होत्या, तीच. ती एका प्रश्नाशी थांबली.

“हे प्रोस्क्राइब आहे,” ती म्हणाली.

“मग?”

“मी प्रिस्क्राइब वाचलं होतं. म्हणून ‘लिहून देणे’वर खूण केली.” तिने पान उलटलं. “आणि इथे अडॉप्ट. मी अडॅप्ट समजले.”

दोन प्रश्न. गेली होती एका गुणाने. दोन्ही शब्द तिला येत होते, दोन्हींच्या जोड्या तिनेच जुळवल्या होत्या. वहिनी आधी हसली. मग त्या जड चौकटीसकट रडली, आणि मी तिला धरलं. त्या वेळी मी तिची ‘सबटल’बद्दल माफी मागितली. फार उशिरा मागितली, पण मागितली. ती नाक ओढत म्हणाली, “तो ब तिथे ठेवायचाच कशाला मग त्या लोकांनी?”

पुढचे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी चष्मा लावून माझ्या स्वयंपाकघरात बसायची. मी भाजी चिरत शब्द विचारायचे, ती अर्थ सांगायची. चुकली की मी हसायचे, मी अडले की ती. चष्म्याची चौकट तिने दुकानातली सगळ्यांत भडक, लाल निवडली होती. लपवायचंच नाही म्हटल्यावर हातचं राखून कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं.

परीक्षेहून आली तेव्हा दादा आणि मी दारातच उभे होतो. “कसा गेला?” दादाने विचारलं.

“नऊ शब्द आले नाहीत,” ती चपला काढत म्हणाली. आवाजात रड नव्हती. “पण ते खरोखरच येत नव्हते. बघून घेतलं मी नीट.”

निकाल लागला तेव्हा इंग्रजीत लागणाऱ्या गुणांपेक्षा तिला सात जास्त होते. निवडयादीत तिचं नाव चौथं आलं. अण्णांनी सगळ्या गिऱ्हाइकांना ते स्वतःचंच यश असल्यासारखं सांगितलं, आणि मग नवीन माणूस कुठून आणायचा म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसले.

रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी होती. वजन, रक्तदाब आणि शेवटी डोळे. तिथल्या तपासणाऱ्या मुलीने वहिनीला चष्मा काढून वाचायला सांगितलं, मग लावून, आणि कागदावर शिक्का मारला. वहिनी तो कागद घेऊन घरी न जाता आधी माझ्या दारात आली. स्वतः वाचून झालेला होताच, तरी माझ्या हातात दिला.

“मोठ्याने वाच.”

मी वाचलं, “डोळे : चष्म्यासह पात्र.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले तर अक्षरं धूसर झाली. माझा नवा चष्मा काढून मी तो बाहीने पुसायला लागले, तशी तिने तो हातातून काढून घेतला. खिशातून मऊ फडकं काढून हळुवार पुसला आणि माझ्या नाकावर बसवून दिला.

“आता वाच,” ती म्हणाली.