कूलरला दिलेला पाव वळसा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक असो की नातेवाईक, मनात आलं की मी बोलून मोकळी होते. फक्त एकदा, बोलायलाच हवं होतं तेव्हा, मी मूग गिळून बसले आणि ते माझ्या आतेभावाला भोवलं.

हा आतेभाऊ म्हणजे आमचा दादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागच्या टेबलावर तो काम करायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं. मशीन उघडण्याआधी साबणाने हात धुणार, टेबलावर टॉवेल अंथरणार, निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागेप्रमाणे कागदावर मांडणार आणि मग सोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. शंभरदा बसवलेल्या वस्तूचंसुद्धा. मी पुढून ओरडायचे, "दादा, आटप की आता. परीक्षा आहे का त्याची?" तो मान वर न करता म्हणायचा, "झालंच." ते 'झालंच' चांगलं पाऊण तासाचं असायचं.

पण त्याच्या हातचं मशीन कधी तक्रार घेऊन परत आलं नाही. हे मी त्याला एकदाही तोंडावर सांगितलं नाही.

एका ॲनिमेशन स्टुडिओच्या साहेबांच्या कानावर त्याचं नाव गेलं. त्यांच्याकडे वीस मशीन्स होती आणि ती सांभाळायला कायमचा माणूस हवा होता. त्यांनी आपलं सगळ्यात मोठं मशीन, ते आतून थंड ठेवणारा पाण्याचा कूलर बसवायला पाठवलं. हे काम नीट झालं तर जागा तुमची, असं दादाला सरळच सांगितलं. स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल. दादा घरी जाऊन वहिनीला म्हणाला, "आणि तिथे कोणी आटप म्हणणार नाही." वहिनीने ते मला हसत हसत सांगितलं. मीही हसले, पण लागायचं ते लागलंच.

या कूलरमध्ये पाणी कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. एका टोकाला पंपाचं डोकं, ते प्रोसेसरवर बसतं. दुसऱ्या टोकाला पंखे लावलेली जाळी, ती मशीनच्या डब्याच्या छताला. मधे दोन रबरी नळ्या. पंपाच्या तळाला तांब्याचा पत्रा असतो आणि त्याच्या नि प्रोसेसरच्या मधे राखाडी पेस्ट लागते. दादाने वाटाण्याएवढी पेस्ट घातली, डोकं टेकवलं आणि चारी स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे कोपरे धरून आवळले. त्याचा एक नियम मी इतक्यांदा ऐकला होता की कान किटले होते: एकदा डोकं उचललं की जुनी पेस्ट पुसायची आणि नवी लावायची. तशीच दाबली तर मधे हवा राहते आणि प्रोसेसर तापतो. मग त्याने दिवसभर मशीन भरपूर कामाला लावून ठेवलं आणि अधूनमधून येऊन नळ्यांना बोटं लावून बघत राहिला. "आता द्यायला हरकत नाही," असं तो दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला.

दुपारी तो जेवायला घरी गेलेला असताना स्टुडिओचा ड्रायव्हर मशीन न्यायला आला. मी दाखवायला म्हणून चालू केलं. डब्याची एक बाजू काचेची, आणि आत पंपाच्या टोपीवरचं कंपनीचं चमकणारं चिन्ह आडवं. दादाने नळ्यांना ताण पडू नये म्हणून डोकं तसं बसवलं होतं. मला वाटलं, काय हे, एवढ्या मोठ्या साहेबांना असं द्यायचं? मी मशीन बंद केलं, काच काढून चार स्क्रू सोडले, डोकं उचललं, पाव वळसा दिला आणि परत दाबलं. एकेक स्क्रू एका दमात गच्च आवळला. पेस्टची ट्यूब हाताशीच होती. पण ड्रायव्हरने गाडी भलतीकडे लावलेली, मागे हॉर्न वाजत होते, आणि मला कशाचीच वाट बघायची सवय नाही. स्क्रीन लागली, चिन्ह सरळ दिसलं, मी मशीन देऊन टाकलं. दादाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सांगितलं असतं तर त्याने ते परत मागवलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः मशीन घेऊन आले. बाहेरच्या पाहुण्यांना काम दाखवत असताना ते तापून तीनदा बंद पडलं होतं. साहेबांनी आवाज चढवला नाही. "बघा काय झालंय ते," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दादाने हात धुतले, टॉवेल अंथरला, डोकं उचललं. पत्र्यावर पेस्टचे दोन ठसे होते, एक उभा आणि त्यावर एक आडवा. एक कोपरा कोरडा ठणठणीत. दादा त्या ठशांकडे बघत राहिला, मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी केबलींची गुंडाळी सोडवायला घेतली.

"हे तुम्हीच बसवलं होतं ना?" साहेबांनी विचारलं.

दादाने पुसायचं फडकं उचललं. "हो," म्हणाला. "मीच."

त्याने पत्रा पुसला, नवी पेस्ट घातली आणि स्क्रू लावायला घेतले. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही हळू होता. मला वाटलं, बिचाऱ्याचे हातपाय गळालेत. साहेब मशीन घेऊन गेले. जागेचा विषय त्यांनी परत काढला नाही.

दादा दुसऱ्या दिवशी वेळेवर आला आणि मागच्या टेबलावर बसला. मला एक शब्द बोलला नाही त्याबद्दल. मनातल्या मनात मला बरंही वाटलं, की आता हा कुठे जात नाही. मी किती हलकट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षं अशीच गेली. परवा त्यांच्या घरी जेवायला गेले होते. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "आयुष्यात एकदाच चुकले हे, आणि तेही नेमकं तेव्हाच." म्हणजे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. मी ताट सरकवलं आणि त्या दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

वहिनी हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. दादा मात्र जेवत होता.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "साहेब बसलेले होते. वाटलं, तू बोलशील. म्हणून तर स्क्रू लावायला एवढा वेळ घेतला."