तिघं भाऊ, सामाईक भिंती

"दमानं की, सर," म्हणत ते जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळव्यावर वस्तरा परजायचे. आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. गडमुडशिंगीचे, सातवी शिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. नव्वदच्या दशकात मी तिथे लेक्चरर होतो, आणि आता सांगून टाकतो, मी त्यांच्यावर जळायचो.

तुम्हीही कधी सायलोटमची गोळी कापून बघा, म्हणजे कळेल. नेच्यांचं हे बिनपानांचं जुनं भावंड. त्याच्या काडीवर ज्वारीच्या दाण्याएवढीही नसलेली पिवळी गोळी असते. खरं तर ते तीन बीजाणुकोश, एकमेकांत जुळून एक झालेले. छेद, म्हणजे आडवा काप, पातळ निघाला तर मायक्रोस्कोपखाली तीन कप्पे दिसतात. माझा एक तरी कप्पा फाटायचाच. मामा गोळी बटाट्याच्या फोडीत धरत, श्वास रोखत आणि वस्तरा एकदाच ओढत. तिन्ही कप्पे शाबूत! पोरं माझं टेबल सोडून त्यांच्याभोवती गोळा.

मी अर्धा तास फळा भरून शिकवायचो. मामा एवढंच म्हणायचे, "तिघं भाऊ हाईत. भिंती सामाईक, वाटणी न्हाय." एका मुलीनं पेपरात तेच लिहिलं. मी तिचा अर्धा मार्क कापला. कुणाचा राग कुणावर!

एकदा प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, "वा! कुणी कापलंय हे?"

मामा शेजारीच ट्रे घेऊन उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच."

"व्हय की," मामा म्हणाले. "सरांचा हात लई हलका हाय."

लाजेनं मेल्यासारखं झालं. तरी चहा प्यायलो, कौतुकही ऐकून घेतलं.

त्यावर मामा पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. तेच मला जास्त झोंबलं. ते निवृत्त झाले तेव्हा माफी मागायची असं ठरवून समारंभाला गेलो, आणि नारळ देऊन परत आलो. दोनेक वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

पुढच्या जूनमध्ये वर्गासाठी त्यांची कपाटात मागे राहिलेली स्लाईडची पेटी पहिल्यांदाच उघडली. एकेक काच उजेडात धरली. परीक्षक येऊन गेल्यानंतरची तारीख असलेल्या प्रत्येक काचेवर मामांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती: छेद घेणारा, आणि पुढे माझं नाव.

"सर, लई भारी कापलंय की तुम्ही!" पोरं म्हणाली.

"हे मी नाही कापलेलं. मामांनी कापलंय."

पोरं हसली. माझा विनय त्यांना फार आवडला.