पितळी बिल्ला आणि आक्कांची यमाई

साताऱ्याहून एसटीत बसलो तेव्हा पिशवीत एक पितळी बिल्ला होता आणि डोक्यात त्याचंच खूळ. दुसऱ्या महायुद्धात सुटी नाणी मिळेनात, तेव्हा काही दुकानदारांनी मोड म्हणून स्वतःचे बिल्ले पाडले होते. माझ्या बिल्ल्यावर झेंडा घेतलेली भारतमाता अगदी ठसठशीत होती. मागची बाजू मात्र झिजून सपाट. कोणाच्या दुकानाचा, हे कळल्याशिवाय मला चैन नव्हतं.

कोरेगावच्या पेठेत चहा घेताना शेजारच्या जुन्या भांड्यांच्या व्यापाऱ्याला तो दाखवला.

"असला तर माझ्या मावशीच्या देव्हाऱ्यात हाय की! तासगावकडं," तो म्हणाला.

देव्हाऱ्यात? मी पत्ता घेतला आणि पुढची गाडी पकडली.

तासगावजवळच्या मळ्यात या मावशींना सगळे आक्का म्हणतात. शेडमध्ये द्राक्षं वाळत होती. आक्कांनी आधी मूठभर बेदाणे हातावर ठेवले, मग कामाचं विचारलं.

"बिल्ला? आमच्यात कसला बिल्ला? टाक (देवाची पत्र्यावरची छोटी प्रतिमा) हाय, आमच्या यमाईचा. आंघूळ करा, मग दावते."

आली का पंचाईत! कपडे कुठे आणले होते? शेवटी आक्कांच्या फौजी मुलाचा ढगळ लेंगा घालून, एका हातानं नाडी सावरत देव्हाऱ्यासमोर बसलो.

टाक तळहातावर आला. आकार आणि काठ हुबेहूब माझ्या बिल्ल्याचेच, पण रोज घासून घासून देवीचं तोंड पार पुसलेलं.

"मुखच ऱ्हायलं न्हाई बघा," आक्का म्हणाल्या. "पोरानं सांगलीत घर बांधलंय. त्याच्या देव्हाऱ्यात असाच टाक द्यायचाय, तर सोनार म्हनतो, कशावरनं घडवू? सासूबाईंनी दिलेला देव, आन् मला त्याचं तोंड ठावं न्हाई." त्यांचे डोळे भरले.

मी टाक उलटला. पूजा तोंडाची, पाठीला कोण घासतंय! अक्षरं करकरीत: कोरेगावच्या एका तेलाच्या दुकानाचं नाव. सकाळी चहा ढोसला त्याच पेठेतलं! मी आनंदानं ओरडलोच, आणि माझा बिल्ला आक्कांपुढे धरला.

त्यांनी तो उजेडात धरला. "हीच व्हय ही?" मग त्यांचं बोट झेंड्यावर थांबलं. "आवं, ह्ये त्रिशूळ न्हवं. निशाण हाय."

"आक्का, ही भारतमाता आहे." सांगितलं खरं, पण लगेच वाटलं: बाईचा देवच पळवला की काय मी?

आक्का खुदकन हसल्या. "मग तर लय बेस! पोरगं तिच्याच चाकरीत हाय." आणि त्यांनी माझ्या बिल्ल्याला हळदकुंकू लावूनसुद्धा टाकलं. आता परत मागायचा कसा? खरं सांगतो, मागावासा वाटलाही नाही.

परतीच्या गाडीत मांडीवर बेदाण्यांची पिशवी होती आणि मन आक्कांच्या उपकारांनी भरून आलं होतं. आयुष्यभर बिल्ले जमवले, कपाटात कुलपाखाली ठेवले. त्यातल्या एकाच बिल्ल्याला आता रोज कोणीतरी हात जोडतं, आणि तो माझ्याकडे नाही.