पानाबाईच्या भिंतीतला मेनस्विच

वीज आपल्याला कळते, असा माझा समज १९७४ सालापर्यंत होता. तो आसेगावात, घेवरचंद शेठच्या घरी, पार मोडला. आणि मोडणारी बाई चार बुकंही शिकलेली नव्हती. तिचं नाव पानाबाई. आता मी निवृत्त होऊन मेडशीला बापाच्या मळ्यात वांगी सांभाळत बसलोय. बावीस वर्षं खांबावर चढलो, शेकडो घरांत मीटर बसवले, पण मनात घर करून राहिलं ते तिचंच घर.

त्या साली आसेगावात पहिल्यांदा लाइन येत होती. खांब उभे झाले होते, तारा ओढून झाल्या होत्या, दिवाळीच्या आत वीज सोडायची होती. घेवरचंद शेठचं किराण्याचं दुकान, मागं राहतं घर. त्यानं पहिला अर्ज केला. मी शिडी, पक्कड, मीटरची फळी घेऊन पोचलो, तर दारातच एक पांढऱ्या लुगड्यातली वाळकी बाई उभी. ही शेठची भावजय, थोरल्या भावाची, पदमचंदची, विधवा. पन्नाशीला टेकलेली.

"वायरमनभाऊ, दुकानात लावा, ओसरीत लावा," ती म्हणाली. "माह्या खोलीत नको."

"काहून, बाई?"

"तुमचा तो बिजलीचा गोळा तापते म्हनतात. पाखरं येतीन, चटकतीन, मरतीन. माह्यानं पाह्यवत नाई. मी घासलेटची चिमनी लावत नाई खोलीत, आता गोळा लावू?"

जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, हे मला माहीत होतं. पण पानाबाईचा नियम त्याच्या पुढचा होता. नवी नवरी असताना एकदा संध्याकाळी ती सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसली होती. समोरच्या दिव्यात एक पाखरू, म्हणजे दिव्यावर येणारा किडा, पडलं आणि जळलं. त्या दिवसापासून तिनं खोलीत उघडी ज्योत लावायची नाही असं ठरवलं. तिच्या खोलीत बारा महिने अमावास्या असते, अशी गावात थट्टा चाले. मीही हसलो. हसण्यावारी नेण्यात आपला हात कोणी धरत नाही.

मीटरची फळी कुठं ठोकावी म्हणून मी ओसरीची भिंत हातोडीनं वाजवून पाहिली. एका जागी पोकळ वाजली. अजून एक ठोका दिला तर चुन्याचा पापुद्रा खाली आला आणि आत सागवानी फळी दिसली. फळी ओढली. मागं कोनाडा होता. त्या कोनाड्यात जे दिसलं ते पाहून मी शिडीवरून खालीच उतरलो.

लोखंडी पेटीचा मेनस्विच, बाजूला दांडा असलेला. त्याच्या शेजारी चिनी मातीचे दोन फ्यूज. वर काळा गोल मीटर, काचेआड काटा, इंग्रजी अक्षरं गंजानं खाल्लेली. मेनस्विचवर एका बाजूला लाल रंगात अधिकची खूण, दुसऱ्या बाजूला काळ्या रंगात उण्याची. सगळं अगदी साफ हातानं बसवलेलं.

आता तुम्हीच सांगा, ज्या गावात कधी वीज आली नाही त्या गावात मीटर कुठून आला?

मी डोकं खाजवत उभा राहिलो. बाहेरून येणारी तार शोधली, तर नव्हतीच. मीटरमधून दोन तारा भिंतीत जात होत्या आणि बाहेरच्या बाजूला चार बोटं आतच संपत होत्या, टोकं कापडात गुंडाळलेली. आणि ही अधिक-उण्याची खूण? आमच्या लाइनीला असली खूण नसते. मला आधी वाटलं हे बिनतारी यंत्र असेल. मग वाटलं कुठूनतरी चोरून आणलेलं असेल. मग वाटलं आपलंच डोकं ठिकाणावर नाही. घेवरचंद शेठला तर घामच फुटला. बेचाळीसच्या चळवळीत आपल्या घरात कोणीतरी बाँब लपवला असणार, हे त्यानं जागच्या जागी ठरवून टाकलं.

"काढा, काढून फेका," तो म्हणाला. "साहेबाच्या कानावर गेलं तं माहा अर्ज अडकून पडंन."

मी पक्कड काढली. तेवढ्यात पानाबाई मधे आली. तिनं मेनस्विचच्या दांड्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"भाऊजी, तुमी दुकानात जा," ती म्हणाली. शेठ गेला. मग ती माझ्याकडे वळली. "वायरमनभाऊ, हे काय हाय अन् इथं काहून हाय? मले एवढंच सांगा. सांगतल्याबिगर हात लावू देनार नाई."

मला राग आला. मला ठाऊक नसलेलं कोणी विचारलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. "आता मी काय ज्योतिषी हाय काय?" असं काहीतरी मी बोलून गेलो. तिनं ते मनावर घेतलं नाही. खाली ओट्यावर बसली आणि सांगायला लागली.

चोवीस वर्षांपूर्वी, पन्नास साली, चातुर्मासात जैन महाराजांचा मुक्काम तिच्या माहेरी रिसोडला होता. ती दसऱ्यापर्यंत, तीन महिने, तिकडं होती. परत आली तर बायका कानाशी लागल्या. तुझा नवरा दर सोमवारी मंगरूळला जातो. माल आणत नाही, संध्याकाळी रिकामा परत येतो. तिथं कोणीतरी ठेवलेली असणार. तिनं पदमचंदला विचारलं. तो हसला.

"म्हने, दिवाळी येऊ दे, मंग सांगतो. दिवाळी आली अन् गेली. काई सांगतलं नाई. सोमवारचं जानं चालूच. मंग म्या मौन धरलं. जेवाले वाढलं, कपडे धुतले, पन बोलली नाई. चार महिने नाई बोलली."

माघात पदमचंदला ताप भरला. टायफाईड. नवव्या दिवशी गेला.

"शेवटी मले हाका मारत होते. म्या पानी पाजलं. तोंडातून शब्द काढला नाई. तापात बरळत होते, माळ्यावर पाह्य, माळ्यावर पाखरू. म्या म्हनलं, ताप डोक्यात गेला." तिनं मेनस्विचकडे बोट केलं. "मी माहेरी गेली तेव्हा इथं उघडा कोनाडा होता, मी त्यात दाना ठेवत होती. वापस आली तं फळी ठोकलेली. म्हनत, उंदरं होते. ते गेल्यावर भाऊजीनं वरून चुना मारला. हे त्याईनंच लावलं असंन. तं हे हाय काय? मले म्हाईत पायजे, भाऊ. मी काहून बोलली नाई, ते खरं होतं का खोटं होतं, ते म्हाईत पायजे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण डोक्यातला गोंधळ होता तसाच राहिला. मेनस्विच आणि बायकोचा संशय यांचा संबंध मी कसा लावू? वीज मंडळानं तेवढं शिकवलं नव्हतं.

मला एकच गोष्ट येत होती, तार धरून चालणं. मीटरच्या दुसऱ्या बाजूच्या तारा लाकडी पट्टीतून वर जात होत्या, इतक्या चुन्याखाली की पट्टी म्हणजे भिंतीचाच भाग वाटावा. पट्टी माळ्यात शिरत होती. मी माळ्यावर चढलो. पोती, मोडका पाळणा, जुनी मापं. पट्टी त्या सगळ्यामागून सरकत अगदी टोकाच्या कोपऱ्यात गेली. छत इतकं उतरतं की मला पोटावर सरपटावं लागलं. तिथं गोणपाटात गुंडाळलेलं एक जड बोचकं होतं आणि तारा त्यात शिरल्या होत्या.

सोडून पाहिलं तर दिवा. पण असला दिवा मी जन्मात पाहिला नव्हता. बल्बाभोवती जाड काचेचा मोठा पेला, पेल्याच्या काठाला रबराची कडी, वर लोखंडी झाकण पेचानं घट्ट बसवलेलं, बाहेरून तारांचा पिंजरा. जमिनीला, म्हणजे खालच्या खोलीच्या छताला, भोक पाडून त्यात लाकडी खुंटी मारलेली. खुंटी काढली की दिवा खाली सोडायचा, इतकी तयारी होती.

"खाली कोनाची खोली हाय?" मी वरून ओरडलो.

"माही," पानाबाई म्हणाली. "त्या खुंटीले मी पोथीची पिशवी टांगते."

मी अजूनच गोंधळलो. दुकानदार माणूस पहिला दिवा दुकानात लावेल. फार तर ओसरीत लावेल, लोकांनी पाहावं म्हणून. बायकोच्या पोथीच्या खोलीत कोण लावतो? आणि तोही असा, चिलखत घातलेला? इथं काय पाण्याची धार येते, का ठिणग्या उडतात? मी ते बोचकं तारांपासून सोडवलं, पाठीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मंगरूळ गाठलं.

मंगरूळला फुलसिंग म्हणून एक म्हातारा फिटर होता. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनात त्याची उमर गेली होती. डोळ्यांना कमी दिसायचं. त्यानं दिवा मांडीवर घेतला, रबराच्या कडीवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"अरे बापू, हा तं आमचा रुईघरातला दिवा! जिनात कापसाचे तंतू उडतात. गरम गोळ्यावर बसले का आग. म्हनून हा असा बंद. तंतू आत जात नाई."

मी त्याला कोनाड्यातल्या पेटीचं सांगितलं, मीटरचं, लाल-काळ्या खुणांचं.

"तेबी आमचंच. जिनाचा सोताचा डायनामो होता. त्याची वीज डीसी, एकाच दिशेनं चालनारी, म्हनून त्याले अधिक-उनं. तुमच्या खांबावरची वेगळी, तो मीटर तिच्यावर चालनार नाई. बाबूलोकायच्या क्वार्टरात असे मीटर होते. जिन बंद पडलं तवा सारं मोडीत निघालं. एक शेठ घेऊन गेला." तो थांबला. "आसेगावचा. पदमचंद. सोमवारी येत होता, दर सोमवारी. मोडीतलं घेऊन गेला तं गेला, पन त्याले बसवाचं सोताच्या हातानं. वायरिंग शिकाले येत होता माह्याकडं. बोटं कापून घेतले त्यानं, पन शिकला."

मी विचारलं, "डायनामो नाई, इंजिन नाई, अन् मीटर कायले बसवला?"

"म्या बी तेच म्हनलं. आधी इंजिन घे, मंग दिवा. तो म्हने, घर तयार ठेवतो, इंजिन दिवाळीले आनतो. इंजिन पाहून ठेवलं होतं कारंज्याले, पन ते जमलंच नाई. दुसरं पाहत फिरला. मंग येनंच बंद झालं त्याचं. मेला म्हनतात." फुलसिंगनं दिवा माझ्या हातात दिला. "मोठा इचित्र मानूस. साऱ्या जिनातले दिवे पाह्यले, बाकीचे सुंदर सुंदर दिवे सोडले, अन् ह्याच्यावर बोट ठेवलं. उजेड किती पडते, इचारलं नाई. एकच इचारलं. पाखरू आत जाते का?"

परतीच्या एसटीत मी दिवा मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्यानं दोनदा विचारलं हे काय आहे म्हणून. मी म्हणालो, दिवा, आणि गोणपाट त्याच्यावर नीट ओढून घेतलं. 

पानाबाई ओट्यावरच होती. मी आडवळणानं बोलायचं ठरवलं होतं, पण मला आडवळण जमत नाही. सोमवार, फुलसिंग, कापलेली बोटं, इंजिन, सगळं भडाभडा सांगून टाकलं. शेवटी पाखराचं सांगितलं.

"काय इचारलं त्याईनं?"

"पाखरू आत जाते का."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदाही विचारलं आणि मी तिसऱ्यांदाही सांगितलं. मग ती रडली. मोठ्यानं रडली, दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली इतकी. "मले सांगतलं काहून नाई," एवढंच म्हणत होती. दिवाळीला सांगणार होता, इंजिन न आल्यावर कोणत्या तोंडानं सांगणार, आणि तोवर ही बोलायची बंद झालेली. हे मला दिसत होतं. तिलाही दिसतच असणार. मी दिवा तिच्यापुढं ओट्यावर ठेवला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी लाइन सोडली. घेवरचंद शेठच्या दुकानात, ओसरीत गोळे बसवले. जुना मीटर मी कामातून काढला, पण कोनाड्यात तसाच राहू दिला. जुना मेनस्विच घासूनपुसून पानाबाईच्या खोलीच्या तारेवर ठेवला. नियमात बसतं का, ते मला विचारू नका. माळ्यातल्या तारा नव्या घातल्या, पेल्यात नवा बल्ब लावला, रबराची कडी फुलसिंगनं नवी कापून दिली होती. खुंटी काढली आणि दिवा खोलीत सोडला.

दिवस मावळला. पानाबाईनं स्वतः कोनाड्यातला दांडा ओढला आणि आम्ही तिच्या खोलीत आलो. खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा रात्रीचा उजेड पडला होता, आणि आता भिंतीवर टांगलेली पोथीची पिशवी, घडीची चटई, सगळं ओळखीचं असून नवं दिसायला लागलं. थोड्या वेळानं खिडकीतून एक पाखरू आलं. काचेवर आपटलं. आम्ही दोघंही श्वास धरून पाहत होतो. ते पिंजऱ्यावर बसलं, पंख हलवले आणि उडून भिंतीवर जाऊन बसलं.

"आयकलं का?" पानाबाई म्हणाली. "लागला."

"हो बाई, लागला," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. मला ती भाऊ म्हणायची. आयकलं का, असं वऱ्हाडातली बाई एकाच माणसाला म्हणते.

मी पक्कड उचलली, शिडी उचलली आणि बाहेर आलो. आत तिचं बोलणं चालू होतं. हळू आवाजात, न थांबता, माहेरच्या त्या तीन महिन्यांपासून सुरुवात करून. ओसरीत नव्या गोळ्याखाली घेवरचंद शेठ बसला होता. त्यानं मान वाकडी करून कानोसा घेतला.

"वायरमन, तुमी तं बाहेर आले. मंग वहिनी कोनासंग बोलून राह्यल्या?"

"तुमच्या दादासंग," मी म्हणालो.