एका रोलची वाढीव मुदत

गव्हाणच्या काशिराम कोळ्यांची थोरली लेक कोमल तळोज्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे हेलिकॉप्टरच्या तळाला बसणाऱ्या हलक्या फळ्या बनतात. फळीचे थर एकमेकांना धरून ठेवतो तो गोंद कागदासारखा पातळ असतो आणि त्याचे रोल उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. मुदत संपली म्हणून रोल लगेच फेकत नाहीत. कोमल त्यातून तुकडे कापते, त्यांनी धातूच्या पट्ट्या जोडते, भट्टीत शेकते आणि यंत्रात ताणून तोडते. जोडांनी ठरलेला जोर सोसला तर रोलला तीन महिने वाढवून मिळतात. मुदतवाढीच्या कागदावर सही कोमलची असते.

गेल्या जुलैत एका रोलची मुदत दुसऱ्यांदा संपली. पाच जोडांपैकी चार उत्तम टिकले. पाचवा निम्म्या जोरातच सुटला, आणि गोंद पट्टीवरून सालीसारखा सोलून निघाला.

विभागप्रमुख हेतल मॅडमनी तो जोड उलटसुलट करून पाहिला. पट्टी नीट पुसली गेली नसेल, म्हणाल्या. नवा रोल परदेशातून यायला दहा आठवडे, आणि फळ्या महिनाअखेर द्यायच्या होत्या. त्यांनी रोलच्या मधल्या भागातून नवे पाच तुकडे घ्यायला सांगितले. ते पाचही टिकले. कोमलने सही केली.

त्यानंतर तिला जेवण गोड लागेना. पट्टी तिने स्वतः तीनदा पुसली होती. पाचवा तुकडा रोलच्या कडेचा होता, फ्रीझरच्या दाराकडच्या. मे महिन्यात त्या दाराचं रबर फाटून गोंद बिघडवणारी ऊब आत शिरत होती आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, तरी मॅडमना तिने ते सांगितलं नव्हतं.

रविवारी काशिराम अंगणात जाळं सांधत बसले होते. तिने सगळं सांगितलं. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "पट्टी पुसली व्हती का नाय, ता तुलाच म्हाईत. मना काय इचारतेस?"

सोमवारी तिने कडेचे पाच तुकडे कापले आणि हेतल मॅडमना यंत्रापाशी बोलावलं. तीन जोड सुटले.

"मॅडम, मी सही मागे घेतेय."

हेतल मॅडमनी सुटलेला एक जोड उचलून पाहिला. "तुला कळतंय ना, याचं काय होईल?"

"कळतंय."

तोवर त्या रोलच्या सहा फळ्या जोडून झाल्या होत्या. त्या अडवल्या, कापून पाहिल्या. दोन फळ्यांत कडेचा गोंद नीट पसरलाच नव्हता. उरलेल्या चार चांगल्या निघाल्या, पण तोवर त्यांचेही तुकडे झालेले. काम थांबलं, आणि कंत्राटावरच्या अकरा जणांना नवा माल येईपर्यंत घरी बसवलं. त्यांत शेजारच्या गंगाबाईंचा प्रितेश होता. कोमलनेच त्याला तिथे चिकटवलं होतं.

माल आला तेव्हा त्या अकरांपैकी सहाच परत बोलावले गेले. प्रितेश त्यांत नव्हता. तो आता कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्या उतरवतो. भेटला की नीट बोलतो, तिला दोष देत नाही. गंगाबाई मात्र तिला पाहून वाट बदलतात. एकदा कोमल त्यांच्या दारात गेली, तेव्हा गंगाबाई एवढंच म्हणाल्या, "चार तर चांगल्याच व्हत्या ना गो?" आणि आत निघून गेल्या.

कारखान्यात आता तुकडे रोलच्या दोन्ही कडांतून आणि मधून घेतात. तो नियम हेतल मॅडमनीच लिहून काढला. कोमलशी त्या कामापुरतं बोलतात.

सहीला मात्र आता कोमलला वेळ लागतो. सगळे जोड टिकले तरी ती कागद दुपारपर्यंत तसाच ठेवते, आकडे पुन्हा वाचते, आणि मगच पेन उचलते.