डुबिनाचं छत

त्या उन्हाळ्यात त्र्यंबक शिरसाठचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. चहा घ्यायचा, उरलेला पाव खायचा, डोक्याला फडकं बांधायचं आणि पाचला परांचीवर चढायचं. हॉलला वरून पत्रा होता. अकरानंतर आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मान मागे टाकून दिवसाचे सहा तास काढायचे तर पाचलाच वर असलं पाहिजे, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

गावाचं नाव डुबिना. ह्यूस्टनहून पश्चिमेला मोटारीने दीड-दोन तासांवर. पांढरं चर्च, ओकची झाडं, थोडी घरं, मका आणि गुरं. सव्वाशेक वर्षांपूर्वी चेक लोकांनी वसवलेलं. त्यांच्या लग्नाकार्यांसाठी बांधलेल्या जुन्या लाकडी हॉलचं छत पुन्हा पहिल्यासारखं रंगवायचं काम होतं. साल चौऱ्याऐंशी.

त्र्यंबक नाशिकचा. बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला. तिथे त्याला सगळे पेंटरच म्हणत. थोरली बहीण वसुधा ह्यूस्टनला नर्स होती. तिने भावाचे कागद केले. कागद तिघांचे होते, पण आधी त्याने एकट्याने यावं, नोकरी धरावी आणि मग बायको कांचन आणि मुलगी मृणालिनी यांनी यावं असं ठरलं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीने एकच गोष्ट मागितली: त्र्यंबकच्या पक्क्या नोकरीचं पत्र. ते मिळेना. आठ महिने त्याने ह्यूस्टनमध्ये रोजंदारीवर भिंती रंगवल्या. काम सगळे देत, पत्र कुणी देत नव्हतं. त्या आठ महिन्यांत ताईने त्याला घरी ठेवलं, जेवू घातलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. ही गोष्ट तो आयुष्यभर सांगत आला.

ताईच्याच वॉर्डात आल्फॉन्स क्रेनेक नावाचा रंगकामाचा कंत्राटदार पाय मोडून पडला होता. साठीचा, चेक वंशाचा, तोंडाने तिखट. हॉलचं काम हातात आणि शिडी चढता येईना म्हणून तो चिडलेला. ताईने त्याला इंजेक्शन देता देता भावाचं नाव सुचवलं.

घरी आल्यावर म्हणाली, "त्र्यंबक, जॉब आहे. गावाचं नाव डुबिना."

"नावातच बुडणं आहे, ताई."

"पोहायला शीक मग. सोमवारी ड्रॉप करते तुला."

क्रेनेकने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाला, "छत संपव. मला पटलं तर पत्र देईन. नाही पटलं तर तुझी बहीण तुला घेऊन जाईल."

छतावर कधीतरी कुणीतरी पांढरा रंग फासला होता. त्र्यंबकने तो बोथट सुरीने, बोट-बोट जागा करत खरवडला. खालून गडद निळा रंग निघाला आणि कडेने द्राक्षाची वेल. दोन महिने त्यातच गेले. बारा फळ्या मात्र कुजलेल्या होत्या, त्या बदलल्या. नव्या फळ्यांवर वेल पुन्हा काढायची तर जुने छाप, नक्षी कापलेले पुठ्ठे, कुणाजवळच नव्हते.

क्रेनेक खालून कुबडीवर ओरडला, "आता काय? मनाने काढणार?"

"मनाने नाही. कागदाने."

त्र्यंबकने शाबूत वेलीवर पातळ कागद धरून ती गिरवून घेतली, रेघांवर सुईने बारीक भोकं पाडली, कागद नव्या फळीवर लावला आणि खडूची पूड भरलेली पुरचुंडी त्यावर थोपटली. कागद काढला तर फळीवर ठिपक्यांची वेल. नाशिकला याला खाका म्हणतात. क्रेनेक कुबडी टेकत गाडीकडे गेला. तिथून हरणांच्या शिकारीची दुर्बीण घेऊन आला. त्या दिवसापासून रोज खुर्चीत बसून दुर्बिणीतून एकेक पान तपासायचा.

राहायला त्र्यंबकला अ‍ॅग्नेस नावाच्या म्हातारीने मागची खोली दिली होती. तो तिला मावशी म्हणे. दुपारी ती सूप आणि खसखशीचं सारण भरलेले गोड पाव घेऊन हॉलच्या पायरीवर यायची. एकदा तिला चेकोस्लोव्हाकियातून भाचीचं पत्र आलं.

"व्लास्ताला फ्लॅट मिळाला," अ‍ॅग्नेसने वाचून सांगितलं. "पार्दुबित्से शहराच्या कडेला नवी वसाहत आहे. आठवा मजला. आणि वसाहतीचं नाव काय म्हणशील? डुबिना! ऑस्त्रावा शहरातही एक डुबिना आहे म्हणे."

"अर्थ काय, मावशी?"

"ओकचं रान."

"तिथे ओक किती?"

"ती लिहिते, खिडकीतून क्रेन मोजल्या. सात भरल्या."

त्र्यंबक हसला. "आमच्याकडे वडगाव. दर दहा कोसांवर एक. मी पण मूळचा वडगावचाच. वड रस्त्यात गेला, नाव राहिलं."

"मग तू घरचाच की," अ‍ॅग्नेस म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला. क्रेनेक गुरगुरला, "घरच्यांनी जेवण आटपावं. वेल अर्धी आहे."

सप्टेंबरात छत संपलं. संपल्याबरोबर त्र्यंबकने सवयीने एक गोष्ट केली. नाशिकला त्याच्या उस्तादांनी शिकवलं होतं, पाटी पुरी झाली की कोपऱ्यात काळा ठिपका द्यायचा. दृष्ट लागू नये म्हणून. मुलाच्या गालावर तीट लावतात तशी. हजारो पाट्यांना त्याने तो दिला होता. शेवटच्या फळीच्या टोकाला, निळ्यावर, त्याने मुगाएवढा ठिपका टेकवला आणि खाली उतरला.

क्रेनेकची दुर्बीण छतभर फिरली आणि त्या टोकाला थांबली.

"हे काय?"

त्र्यंबकने मोडक्या इंग्रजीत सांगून पाहिलं.

"म्हणजे चुकून नाही सांडलं? मुद्दाम?" क्रेनेक लाल झाला. "दुसऱ्याच्या छतावर, न विचारता?"

"अरे, राहू दे ना आल्फॉन्स," अ‍ॅग्नेस म्हणाली. "तुझ्या तोंडाकडे बघ. दृष्ट लागायची तर इथूनच लागेल."

तो हसला नाही. पत्राचं नाव न काढता गाडीत बसून निघून गेला.

त्र्यंबक पायरीवर बसून राहिला. मग त्याला वाटलं, म्हातारा खरं बोलला. पाटी आपली असते तेव्हा ठिपका आपला. हे छत यांच्या बापजाद्यांचं. ठिपक्यावर नुसता निळा फिरवता आला असता, पण सुकलेल्या रंगावर नवा रंग ठिगळासारखा दिसतो. खालून कुणाला दिसला नसता. दुर्बिणीला दिसला असता, आणि त्याला स्वतःला.

शनिवारी पाचला तो वर चढला. अख्खी फळी, वीस फूट, घासून कोरी केली. अस्तर दिलं. रविवारी निळा दिला, सुकू दिला, खाका लावला, वेल पुन्हा काढली. पान न पान. या दोन दिवसांची मजुरी त्याने मागितली नाही. चूक त्याची होती.

सोमवारी क्रेनेक आला. बराच वेळ दुर्बीण लावून बसला.

"ठिपका पुसायला दहा मिनिटं लागली असती," तो म्हणाला.

"होय."

"मग?"

"ठिगळ दिसलं असतं."

क्रेनेकने दुर्बीण मांडीवर ठेवली. "पेंटर, तुझ्या बायकोचं नाव कसं लिहायचं ते सांग."

पत्र चार ओळींचं होतं. हा माणूस माझ्याकडे कायम कामाला आहे, आणि मी त्याला सोडणार नाही. अ‍ॅग्नेसने ते स्वतःच्या टाइपरायटरवर बडवून दिलं. त्र्यंबकने दोघांना वाकून नमस्कार केला. क्रेनेक गडबडला, कुबडी पडली.

वकिलातीने पत्र मान्य केलं. पुढे सोळा वर्षं त्र्यंबक क्रेनेककडेच होता आणि मुद्दाम ठिपका त्याने पुन्हा कुठे दिला नाही. पण डुबिनाच्या त्या उन्हाळ्याची मजुरी त्याने तशीच बाजूला ठेवली होती. पंच्याऐंशीच्या जानेवारीत त्यातून मुंबई ते ह्यूस्टनची दोन तिकिटं आली: एक कांचनचं, आणि बाराव्या वाढदिवसाला तीन आठवडे बाकी होते म्हणून, एक मृणालिनीचं अर्धं.